ओकिमोतोंच्या गाडीचा निळा धूर

ओकिमोतो त्सुनेहारु यांना जगातल्या बहुतेक गोष्टींचा तिटकारा होता. ज्यांचा नव्हता, त्यांच्याकडे अजून त्यांचं लक्ष गेलेलं नव्हतं, एवढंच.

हिरोशिमाच्या पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याशी, गाड्या बनवणाऱ्या कंपनीची पाळी सुटली की माणसांनी भरून जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. कंपनी म्हणजे कुठली, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. एकाच पत्र्याखाली दोन धंदे चालत. डावीकडे ओकिमोतोंचं गॅरेज, उजवीकडे त्यांच्या पत्नीचं, फुसाएबाईंचं, ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबी घातलेल्या जपानी धिरड्यांचं दुकान. मध्ये फळ्यांची भिंत आणि एक सरकतं दार. गॅरेजात एक गाडी मावे आणि ती महिन्या-दोन महिन्यांतून येई. दुकानात सात-आठ माणसं मावत आणि ती रोज दुपारी बाहेर रांग लावून उभी राहत. यावरून काय समजायचं ते फुसाएबाई केव्हाच समजल्या होत्या. ओकिमोतोंनी समजून घ्यायचं नाकारलं होतं. ते फक्त रोटरी इंजिनं, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी गोळा फिरणारी, दुरुस्त करत. जगाला रोटरी झेपत नसेल तर तो जगाचा नालायकपणा होता.

पिस्टनच्या इंजिनाला ते 'बेडूक' म्हणत. "वर उडी, मग थांब. खाली उडी, मग थांब. अरे, थांबायचंच होतं तर निघालास कशाला?" असं ते दुसऱ्यांच्या गाडीच्या बॉनेटकडे बघून विचारत, आणि बॉनेटकडून उत्तर आलं नाही की मान हलवत, जणू हेच अपेक्षित होतं. बॅटरीवर चालणारी गाडी म्हणजे त्यांच्या लेखी चाकं लावलेला फ्रीज. तोक्योच्या माणसांना गाडी कळत नाही, कारण ती आगगाडीने जातात. ओसाकाच्या माणसांना काहीच कळत नाही, कारण ती हिरोशिमासारखे थरावर थर न रचता ओकोनोमियाकीचं पीठ, कोबी, मांस सगळं एका भांड्यात कालवून तव्यावर ओततात. "जो माणूस कोबी पिठात कालवतो," ओकिमोतो म्हणत, "तो इंजिनात काय काय कालवेल!" एवढ्या एका बाबतीत फुसाएबाईंचं आणि त्यांचं एकमत होतं. संसार टिकायला तेवढं पुरलं असावं.

गिऱ्हाइकांबद्दलचं त्यांचं मत तर विचारूच नका. गाडी आणणारा माणूस हा मुळात गुन्हेगार, हे गृहीत धरूनच ते दार उघडत. कोण चुकीचं तेल घालतो, कोण इंजिन गरम व्हायच्या आत पळवतो, कोण आठवडाभर गाडी झाकून ठेवतो आणि रविवारी तिच्यावर प्रेम करायला निघतो. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत ओकिमोतो त्याच्याकडे असे बघत, की बिचारा स्वतःहूनच कबुली द्यायला लागे.

कालवांच्या तराफ्यांवर काम करणारे शिगेमात्सु अशीच कबुली द्यायला आले होते. धिप्पाड माणूस, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात टॉवेल, अंगाला समुद्राचा वास. त्यांच्याकडे दोन दारांची जुनी लाल रोटरी होती आणि ती सकाळी सुरू करताना निळा धूर सोडू लागली होती.

"ओकिमोतो-सान, इंजिन गेलं का हो?" त्यांनी विचारलं.

ओकिमोतोंनी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या आत हवा किती दाबली जाते ते, मोजलं. आकडे ठणठणीत होते. मग त्यांनी शिगेमात्सुंना सरकत्या दारातून दुकानात नेलं, कारण प्रवचनाला श्रोते लागतात आणि श्रोते दुकानात होते.

"हे बघा," त्यांनी फुसाएबाईंच्या हातातून उलथणं काढून घेतलं. "रोटर म्हणजे फुगीर बाजूंचा तिकोनी गोळा. आतून पोकळ. त्याच्या पोटातून तेल वाहतं, ते त्याला थंड ठेवतं. आता ते तेल पोटातच राहिलं पाहिजे. बाहेर कडेला आग आहे, तिकडे गेलं तर जळणार. म्हणून रोटरच्या दोन्ही सपाट अंगांना, मधल्या भोकाभोवती, गोल कड्या बसवलेल्या असतात. ऑइल सील. कडीच्या मागे स्प्रिंग, ती कडीला भिंतीवर दाबून धरते. कडीच्या कमरेला रबराची रिंग. कडीची धार भिंतीवरून तेल पुसत फिरते. अशी." आणि त्यांनी तापल्या तव्यावरून उलथणं ओढून दाखवलं. एका गिऱ्हाइकाचं अंडं फाटलं.

"माझं अंडं," गिऱ्हाईक म्हणालं.

"धार झिजली किंवा रबर मेलं की तेल आगीत जातं," ओकिमोतो पुढे म्हणाले. अंडं त्यांच्या विषयात बसत नव्हतं. "कॉम्प्रेशन चांगलं आणि धूर निळा, म्हणजे ऑइल सील. कावळ्यालासुद्धा कळेल. तुम्हाला कळलं नाही."

"नाही कळलं बुवा," शिगेमात्सु म्हणाले.

"नाहीच कळणार. तुम्ही कालवांत राहता."

काम मात्र त्यांनी चोख केलं. नव्या कड्या, नव्या रिंगा घातल्या, इंजिन बसवलं आणि शेवटी आपला नेहमीचा विधी केला. गाडी रात्रभर उभी ठेवायची, सकाळी गार इंजिन सुरू करायचं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा टॉवेल धरायचा. त्यावर तेलाचा ठिपका उठला, तर गाडी द्यायची नाही. शिगेमात्सुंच्या गाडीचा टॉवेल कोराच राहिला. ओकिमोतोंनी तो त्यांच्या अंगावर फेकला आणि म्हणाले, "जा. आणि माझ्या कामाची लाज राखा."

आता, ओकिमोतोंची स्वतःची गाडी.

ती पांढरी होती, दोन दारांची, आणि गॅरेजसमोर अशी उभी असे, की रांगेतल्या माणसांना तिला वळसा घालूनच दुकानात शिरावं लागे. तिचं इंजिन ओकिमोतोंनी स्वतः, स्वतःसाठी बांधलं होतं. गिऱ्हाइकांच्या इंजिनात ते पार्टवाल्याकडची नवी रबरं घालत. स्वतःच्या इंजिनात नाही. त्यासाठी त्यांच्याकडे हिरव्या चहाचा एक जुना डबा होता. त्यात तरुणपणी घेतलेल्या रबरी रिंगा होत्या, एकेक आपापल्या कागदी पाकिटात. कारखान्यात खरी माणसं काम करत होती त्या काळातलं खरं रबर. हल्लीच्या रिंगा बोटांत दाबून ते म्हणत, "हे रबर? हे च्युइंगम आहे." डब्यातली रिंग गिऱ्हाइकाला मिळणं शक्यच नव्हतं, त्या योग्यतेचं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. रोटरीवाल्यांत असे डबे बऱ्याच जणांकडे असतात. उद्या दुष्काळ पडणार असल्यासारखे ते जुने पार्ट साठवतात आणि एकमेकांना नुसते दाखवतात. डबा उघडून त्यातलं वापरण्याची हिंमत मात्र ओकिमोतोंनीच केली होती.

इंजिन अप्रतिम चाललं. काही वर्षं.

मग एका पावसाळी सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर झुळूक आली. ओकिमोतोंनी ती पाहिली आणि दमटपणावर ढकलली. पुढे दमटपणा सरला, धूर राहिला. त्यांनी तेलाला शिव्या घातल्या आणि तेल बदललं. धूर राहिला. मग त्यांनी सिद्धान्त मांडला.

"रोटरी तेल पितेच. तिचा स्वभाव आहे तो. रोटरची टोकं ओली राहावीत म्हणून कंपनीनेच थोडं तेल आत सोडायची सोय केली आहे. ज्याला समजत नाही त्याने सायकल चालवावी."

यात खोटं काही नव्हतं. रोटरी थोडं तेल खरंच पिते. पण थोडं पिणारा आणि दुपारी बारालाच गल्लीत आडवा झालेला यांत फरक असतो, आणि ओकिमोतोंची गाडी आता दुसऱ्या वर्गात गेली होती. सकाळी साडेदहाला ते ती सुरू करत. निळा, गोडसर, करपट धूर वळून थेट फुसाएबाईंच्या दारातून आत जाई आणि कोबीच्या ढिगावर बसे.

"अहो, गाडी तिकडे टेकडीकडे नेऊन सुरू करा," फुसाएबाई म्हणत.

"धूर गाडीचा नाही."

"मग?"

"तुझ्या तव्याचा. तू चरबी जास्त घालतेस."

पहिल्यांदा त्या हसल्या. दुसऱ्यांदा त्यांनी उलथणं जरा जोरात आपटलं. मग ओकिमोतो हे गिऱ्हाइकांनाही सांगू लागले. कुणी नाक मुरडलं की सरकत्या दारातून डोकं घालून म्हणत, "तवा आहे हो तो. बायकांना तव्याचा अंदाज येत नाही." ज्या बाईने आयुष्यभर त्याच तव्यावर नूडल्सचा एक धागा करपू दिला नव्हता, तिला. फुसाएबाईंनी फक्त हाक बदलली. त्या नवऱ्याला एरवी 'अहो' म्हणत. त्या दिवसापासून त्या त्यांना 'ओकिमोतो-सान' म्हणू लागल्या, दारात आलेल्या विमा एजंटला म्हणावं तसं. दुसऱ्या एखाद्या माणसाला तेवढ्यावरून धोका कळला असता. ओकिमोतोंना आपला मान वाढल्यासारखं वाटलं.

फुसाएबाईंची धाकटी बहीण हिसायो स्टेशनच्या इमारतीत लोणच्यांचं दुकान चालवत होती. तिच्या शेजारचा गाळा रिकामा झाला. एका संध्याकाळी, तवा घासता घासता, फुसाएबाईंनी दार सरकवलं.

"ओकिमोतो-सान."

"काय?"

"हिसायोच्या शेजारी गाळा आहे. मी तवा घेऊन तिकडे जाते आहे."

ओकिमोतोंच्या हातातला पाना थांबला. "तवा? कशाला? आणि मी?"

"तुम्हाला गाडी आहे की."

"हे बघ फुसाए, धुरामुळे म्हणत असशील तर—"

"धुराला मी भीत नाही. तव्यावर आयुष्य गेलंय माझं," फुसाएबाई म्हणाल्या. "पण तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात की तो माझा आहे. तेव्हा आता ऐका. एक तर ते इंजिन उघडा, आणि मग माझ्याच दुकानात, ह्याच माणसांसमोर सांगा धूर कुणाचा होता. नाहीतर महिनाअखेरीला हिसायोला होकार कळवते."

दार सरकलं. स्टेशनातल्या दुकानांबद्दल ओकिमोतोंचं मत सगळ्यांना ठाऊक होतं. पण या वेळी मत आठवण्याआधी त्यांना पलीकडून येणारा तवा घासण्याचा आवाज ऐकू आला. तो आवाज त्या भिंतीतून येत नसेल अशा गॅरेजात त्यांनी कधी काम केलेलं नव्हतं. प्रवचनं कुणाला द्यायची, हाही प्रश्न होताच.

तरीही इंजिन उघडणं त्यांच्या जिवावर आलं. ते इंजिन बांधून झालं तेव्हा ते भर दुकानात म्हणाले होते, की हे झाकण आता माझ्यानंतरच निघेल. म्हणून त्यांनी आधी कॉम्प्रेशन मोजलं. आकडे इतके सुंदर आले, की ते सरळ दुकानात शिरले. दुपारची गर्दी होती. शिगेमात्सु कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून छोट्या उलथण्याने आपल्या ओकोनोमियाकीचे चौकोन पाडत होते.

"बघा!" ओकिमोतो म्हणाले. "पंचविशीतल्या पोराचं कॉम्प्रेशन! या इंजिनाला काहीही झालेलं नाही."

फुसाएबाईंनी मान वर केली नाही. "मग धूर कुठून येतो? गाडी बाहेर उभी राहून विड्या ओढते का?"

"कॉम्प्रेशन चांगलं," कोपऱ्यातून शिगेमात्सु घास चावत म्हणाले, "आणि धूर निळा."

दुकानातल्या सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"काय म्हणालात?" ओकिमोतोंनी विचारलं.

"मी कुठे? तुम्हीच म्हणाला होतात. कॉम्प्रेशन चांगलं, धूर निळा, म्हणजे काय, हे कावळ्यालासुद्धा कळतं म्हणे. मला आपलं कालवांतलं कळतं."

"तुमची गाडी वेगळी, माझी वेगळी! माझ्या इंजिनात डब्यातली रबरं आहेत!"

"असतील. चला, टॉवेल लावू."

"आत्ता इंजिन गरम आहे. गरम इंजिनाला टॉवेल लावणारा माणूस गाढव."

"मग उद्या सकाळी लावतो की. घाई कुणाला आहे?" शिगेमात्सु म्हणाले आणि फुसाएबाईंकडे वळले. "काकू, उद्या लवकर येतो. कालवं आणू का थोडी?"

"आणा की," फुसाएबाई म्हणाल्या. "तेवढ्यासाठी तवा लवकर तापवते."

दुसऱ्या दिवशी रांग दुकानासमोर न लागता गाडीच्या मागे लागली होती. शिगेमात्सुंनी गळ्यातला टॉवेल काढला, झटकला, सायलेन्सरसमोर दोन्ही हातांनी ताणून धरला. ओकिमोतोंनी किल्ली फिरवली. इंजिन गोड आवाजात सुरू झालं. आवाजाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. निळा लोट टॉवेलवर आदळला, शिगेमात्सु खोकत बाजूला झाले. टॉवेलवर तेलाचे डाग असे उठले होते, जणू कुणी सॉसची बाटली त्याच्यावर झटकली होती.

शिगेमात्सुंनी तो ओकिमोतोंच्या हातात दिला. "मला हा धुऊन द्या हं. तव्याचे डाग लवकर जात नाहीत म्हणतात."

ओकिमोतोंनी त्याच दुपारी गाडी आत घेतली.

तीनचार दिवस दार बंद राहिलं. साखळीने इंजिन वर आलं, तेल निथळलं, फ्लायव्हीलचा नट सुटताना पूर्ण गल्लीला ऐकू येईल अशा शिव्या आल्या आणि इंजिन उभं करून एकेक थर निघू लागला. लांब बोल्ट, झाकण, रोटरभोवतीचं पहिलं घर, पहिला रोटर. शिव्या सर्वांसाठी होत्या. कारखान्यासाठी, बोल्टांसाठी, हवामानासाठी, ओसाकासाठी. पहिला रोटर बाकावर पालथा पडला, आणि शिव्या थांबल्या.

पलीकडे फुसाएबाईंचा हातही थांबला. नवरा शिव्या देत नाही याचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. तसा प्रसंग आला नव्हता.

कड्यांची धार चांगली होती. कुठेही फार चपटी झालेली नव्हती. ओकिमोतोंनी अंगठ्याने कडी दाबली. ती खाली जाऊन स्प्रिंगने परत वर यायला हवी. ती जागची हलली नाही. दुसरी दाबली. तीही नाही. त्यांनी दोन वाकड्या टोकांच्या स्क्रूड्रायव्हरनी, खोबणीला ओरखडा न लावता, कडी अलगद उचलली. तिच्या कमरेची रिंग बाहेर आली ती लांबत नव्हती, वळत नव्हती. त्यांनी ती ताणली आणि ती नुसती मोडली. वाळलेल्या नूडलसारखी, कट्कन.

ते उठले, फळीवरचा चहाचा डबा काढला, एक पाकीट फाडलं आणि कधीही न वापरलेली रिंग दोन बोटांत वाकवली. तीही मोडली. दुसरी वाकवली. तीही. इंजिनाच्या आगीचा तिला कधी स्पर्श झाला नव्हता. ती नुसती डब्यात पडून म्हातारी झाली होती. ओकिमोतोंनी ज्या रिंगा जपून, प्रेमाने, मान देऊन इंजिनात घातल्या, त्या घातल्या त्याच दिवशी अर्ध्या मेलेल्या होत्या. खरी माणसं, खरा काळ सगळं ठीक, पण रबराला यातलं काही माहीत नव्हतं.

नव्या रिंगा आणायला जायचं म्हणजे मासुओकांच्या काउंटरवर जायचं. मासुओका पार्टचं दुकान चालवत. ओकिमोतोंनी त्यांच्या मालाला च्युइंगम म्हणायला सुरुवात केली तेव्हापासून मासुओका त्यांना 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणत होते.

"या सेन्सेई! कुठल्या अडाण्याची गाडी या वेळी?"

"आहे एकाची," ओकिमोतो म्हणाले. "ऑइल सीलच्या रिंगा द्या. दोन्ही रोटरच्या, दोन्ही अंगांच्या. आतल्या, बाहेरच्या, सगळ्या."

"कड्या?"

"कड्या चांगल्या आहेत." ते घुटमळले. "कड्यापण द्या. स्प्रिंगापण."

मासुओकांनी भुवया उंचावल्या. "धार चांगली असताना? फारच दयाळू गिऱ्हाईक दिसतंय. आधीचं काम कुणी केलं होतं?"

"कुणीतरी गावठी मेकॅनिकने."

"रबर कुठलं घातलं होतं?"

"जुनं. साठवलेलं."

"अरे देवा," मासुओका खरोखर हळहळले. "अजून असले लोक आहेत? रबर कधी साठवायचं असतं होय! लोणचं आहे का ते?"

ओकिमोतोंना आयुष्यात प्रथमच दुसऱ्या माणसाचा तिटकारा शब्दाशब्दाला पटला, आणि त्याचंच त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पुडकं उचललं आणि ते आभार न मानता बाहेर पडले.

नवी च्युइंगमं त्यांनी बोटांत धरून ताणली. ती लांबली, आणि सोडल्यावर मुकाट परत आली. त्यांनी त्यांना व्हॅसलीन लावलं. रंगाचे ठिपके बघून प्रत्येक स्प्रिंग आपल्या बाजूला, आपल्या दिशेला लावली. ती उलटी बसली तर कडी धरत नाही. मग जुनी कडी उपडी ठेवून तिच्या आधाराने नवी कडी सावकाश, चहूकडून सारखी दाबत खोबणीत बसवली. अंगठ्याने दाबलं. कडी खाली गेली आणि टचकन वर आली. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा वर आली. हे ते गरजेपेक्षा बऱ्याच वेळा करत बसले.

महिना संपायला आला होता. गाडी पुन्हा दुकानासमोर उभी राहिली. एक रात्र गेली. सकाळी रांगेतल्या माणसांनी आपण होऊन गाडीभोवती कोंडाळं केलं. शिगेमात्सु कालवांची बादली घेऊन हजर होते. फुसाएबाई दारात उभ्या राहिल्या, हात एप्रनला पुसत.

ओकिमोतोंनी किल्ली फिरवली. इंजिन घुमलं. सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ आली, सकाळच्या गारव्यात विरली आणि मग काहीच आलं नाही. कोबीचा, अंड्याचा, तापत्या लोखंडाचा वास तेवढा राहिला.

ओकिमोतो खाली उतरले, दार लावलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, "बघा. रोटरी धूर सोडत नाहीच. मी कायम सांगत आलो आहे."

फुसाएबाई वळल्या आणि आत गेल्या. त्यांनी फोन उचलल्याचं सरकत्या दारातून ओकिमोतोंना दिसलं.

ते आत शिरले. इतक्या घाईने ते स्वतःच्या बायकोच्या दुकानात कधी शिरले नव्हते. मागोमाग रांग शिरली. माणसं स्टुलांवर बसली, बाकीची भिंतीला टेकली. फुसाएबाई नंबर लावत होत्या.

"एक सांगायचंय," ओकिमोतो म्हणाले.

फुसाएबाईंचं बोट थांबलं. फोन त्यांनी खाली ठेवला नाही.

ओकिमोतोंनी खिशातून मोडक्या रिंगांचे तुकडे काढले आणि काउंटरवर ओतले. "हे या गाडीच्या इंजिनात होतं. बघून घ्या. हे रबर एका माणसाने डब्यात घालून ठेवलं होतं. पूजा करत होता त्याची! ताजं, मऊ, चांगलं रबर समोर उपलब्ध असताना ह्या गाढवाने हे वाळकं गवत इंजिनात भरलं." आवाज चढू लागला. सवयीची वाट सापडली होती. "बरं, भरलं तर भरलं! धूर येतोय हे आंधळ्याला दिसलं असतं. हा म्हणाला, दमटपणा आहे. मग म्हणाला, तेल वाईट. मग म्हणाला, रोटरी पितेच. लाज नाही, लज्जा नाही! आणि शेवटी काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, धूर शेजारच्या तव्याचा आहे. ज्या तव्यावर कधी काही करपलं नाही त्या तव्याचा! असला मेकॅनिक मी जन्मात पाहिला नाही. त्याच्या हातात कुणी सायकलचा पंपसुद्धा देऊ नये."

भिंतीला टेकलेली माणसं पुढे सरकली.

"कोण हो हा?" शिगेमात्सुंनी निरागसपणे विचारलं. "नाव तरी कळू द्या. चुकून जाऊ त्याच्याकडे."

ओकिमोतोंनी त्यांच्याकडे जळजळीत पाहिलं. मग तव्याकडे. मग फुसाएबाईंकडे बघायचं धाडस न झाल्याने पुन्हा तव्याकडे.

"ओकिमोतो म्हणून आहे," ते म्हणाले. "इथेच बसतो, भिंतीपलीकडे. धूर त्याचाच होता. सगळा."

फुसाएबाईंनी तुकडे उलथण्याने काउंटरवरून केराच्या डब्यात लोटले. मग नंबर पुरा लावला. ओकिमोतोंचा चेहरा उतरला.

"हिसायो? मीच. तो गाळा मला नको, दुसऱ्या कुणाला घेऊ दे. ... हो, विचार बदलला. ... छे गं, कसला पाझर फुटतोय! पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच योग्य माणसाला शिव्या देताना ऐकलंय मी त्यांना. अगं, सांगते नंतर, गिऱ्हाइकं बसलीत."

त्यांनी फोन ठेवला आणि तव्यावर पिठाचा पातळ गोल ओढला.

"अहो," त्या म्हणाल्या, "असे मध्ये उभे राहू नका. दार अडतंय. बसा तिथे, शिगेमात्सु-सानांच्या शेजारी."

"पण मला त्या ओकिमोतोबद्दल अजून एक—"

"जेवताना सांगा."